फक्त काजं-बटणं राहिलीत

दवाखान्यात पहिल्याच दिवशी मशीनवाल्या मुलीने आमच्या ह्यांच्या कॉलरमधून मूठभर टाचण्या काढल्या. त्याआधी तिने रीतसर विचारलं होतं, अंगावर धातूचं काही आहे का म्हणून, आणि ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं होतं. घड्याळ काढलं, चष्मा काढला, पट्टासुद्धा काढून ठेवला. पण टाचणी म्हणजे धातू हे शिंप्याच्या डोक्यात येतच नाही. कॉलर झाल्यावर खिशाच्या कडेला सुया निघाल्या, बाहीच्या दुमडीत आणखी एक निघाली. ती मुलगी एकेक काढून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये टाकत होती. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं आणि मीही निमूटपणे माझ्या गळ्याशी टोचलेल्या टाचण्या काढून दिल्या. मला कुणी मशीनच्या खुर्चीत बसवणार नव्हतं, पण तिच्या नजरेत तसा धाक होता.

ह्यांना हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. पुरुषांचे कोट, पँटी, क्वचित एखादं जाकीट. कापणं आणि शिवणं ह्यांचं. काजं-बटणं, हातशिलाई आणि गिऱ्हाईक माझं. म्हणजे हात त्यांचे आणि तोंड माझं असं सगळी गल्ली म्हणते, आणि त्यात गल्लीचं काही चुकत नाही. आमच्या धंद्यात एक वाक्य चालतं. कपडा कुठल्याही अवस्थेत असो, अगदी पिशवीतून बाहेरही आलेला नसो, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की म्हणायचं, झालंच आहे, फक्त काजं-बटणं राहिलीत. लग्न होऊन मी दुकानात आले तेव्हा ह्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही. कैची धरायला नंतर शिकवलं. नाही म्हणायचं नाही. राहिलेलं काम कमीत कमी सांगायचं, जरासं हसायचं, आणि बोलताना समोरच्या कापडावरून तळवा फिरवायचा, म्हणजे काम चालूच आहे असं दिसतं. ह्याला आमच्यात कुणी खोटं म्हणत नाही. गिऱ्हाईक खट्टू होऊन पायरी उतरू नये एवढाच त्यातला हेतू.

आजार कधी सुरू झाला ते मला नेमकं सांगता येणार नाही. ताप चढतो तसा तो चढला नाही. हे कापड पसरायचे, खडू हातात घ्यायचे आणि तसेच बसून राहायचे. दुपार व्हायची तरी रेघ ओढलेली नसायची. पहाटेच जाग यायची आणि मग छताकडे बघत पडायचे. जेवायचे, पण पानात काय आहे हे विचारलं तर सांगता आलं नसतं. मी आधी थकवा समजले, मग आळस समजले, मग वय समजले. शेवटी भांडण काढून पाहिलं. त्या बाबतीत माझा हातखंडा आहे. दगडालाही बोलायला लावीन. तर हे म्हणायचे, तुझं बरोबर आहे. नवरा उठता-बसता असं म्हणायला लागला की बायकोने समजावं, काहीतरी मोठं बिघडलंय.

मग एकदा जेवताना, मीठ सरकव म्हणावं इतक्या साध्या आवाजात ते म्हणाले, "मी नसतो तर तुझं सोपं झालं असतं." मी भरलेली ताटं तशीच झाकून ठेवली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, हा आजार आहे, स्वभाव नाही. त्यांनी गोळ्या दिल्या. पहिल्या गोळीने हे दिवसभर पेंगायचे. एकदा तर इस्त्री हातात धरून डुलकी लागली आणि एका पँटीचा गुडघा गेला. दुसऱ्या गोळीने पोट बिघडलं, आणि मन होतं तिथेच राहिलं. तेव्हा बाईंनी ह्या लोहचुंबकाच्या उपचाराचं काढलं. डोक्याच्या डाव्या बाजूला, कपाळाच्या जरा वर, मेंदूचा एक भाग आहे. माणूस असा खचला की तो भाग सुस्तावतो. त्याला बाहेरून चुंबकाचे ठोके द्यायचे, म्हणजे तो हळूहळू जागा व्हायला लागतो. कापायचं नाही, भूल द्यायची नाही. माणूस जागेपणी खुर्चीत बसतो आणि संपलं की उठून कामाला जातो. आठवड्यातले पाच दिवस यायचं, असे काही आठवडे. सगळ्यांना गुण येतो असं नाही, हेही बाईंनी लपवलं नाही. बऱ्याच जणांना येतो, आणि यायला वेळ लागतो. थोडं डोकं दुखेल. फिट येण्याचा धोका अगदी कमी, पण अजिबात नाही असं नाही, म्हणून त्यांनी आधी पूर्वीच्या आजारांची खोदून खोदून चौकशी केली.

वन्संचा फोन आला तो रडतच. माझ्या भावाच्या डोक्याला करंट लावणार का, म्हणाल्या. मी त्यांना समजावलं की शॉक वेगळा आणि हे वेगळं. आणि शॉकनेही माणसं बरी होतात, पण ह्यांना तो द्यायचाच नाहीये. त्यांचं समाधान झालं असं मला वाटलं. जरा वेळाने पुन्हा फोन. घरातले चमचे डोक्याला चिकटणार नाहीत ना? मी म्हटलं, चिकटले तर बरंच आहे, मला सापडत तरी जातील.

तर त्या टाचण्या काढून झाल्यावर मुलीने ह्यांना मोठ्या खुर्चीत बसवलं, डोक्यावर पातळ टोपी चढवली आणि फीत काढली. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत माप घेतलं, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, मग डोक्याभोवती. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणारा माणूस असा माप द्यायला गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. टोपीवर पेनाने खुणा झाल्या. मग दोन चकत्या शेजारी शेजारी जोडल्यासारखं एक जड उपकरण तिने डोक्याला टेकवलं. टक् असा आवाज झाला. काही झालं नाही. तिने ते केसभर सरकवलं. पुन्हा टक्, आणि ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला.

मी जागची उठले. ह्यांनी हलवला नव्हता, मी बघत होते. महिनोन् महिने जो हात नुसता मांडीवर पडून होता त्याचा अंगठा उडाला म्हणजे गुण आलाच, असं माझ्या डोक्याने ताबडतोब ठरवून टाकलं. मी बाहेर जाऊन वन्संना फोन लावला. त्यांनी ते त्यांच्या घरात सगळ्यांना सांगितलं, शेजारीही सांगितलं. परत आत आले तेव्हा ती मुलगी समजावत होती की हे फक्त माप आहे. कुणाचा मेंदू किती जोराच्या ठोक्याला दाद देतो ते अंगठ्यावरून कळतं आणि त्यावरून उपचाराचा जोर ठरतो. उपचाराची जागा ही नव्हेच, ती आणखी पुढे, कपाळाकडे. म्हणजे अजून सुरुवातसुद्धा झाली नव्हती. मी वन्संना पुन्हा फोन केला नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

मग रोजचंच झालं. सकाळी दुकान उघडायच्या आधी दवाखाना. कॉलर तपासून घ्यायची, कानात बोळे घालायचे, खुर्चीत बसायचं. टकटकटकटक असे भराभर ठोके, मग विश्रांती, मग परत ठोके. बाहेर बाकावर बसून मला ते ऐकू यायचे. आमच्या शिलाई मशीनसारखेच वाटायचे, फक्त त्यात कापड नव्हतं. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं. दुसऱ्यात दुखायचं थांबलं, पण बाकी काहीच बदललं नाही. हे दुकानात येऊन बसायचे, मी कापड पुढे सरकवायची, ते त्याच्याकडे बघायचे. कापायचं काम मी करायला लागले होते. आधी सरळ पँटी, मग नाइलाजाने कोटही. मशीनही मीच चालवायची. कुणाला कळू दिलं नाही, आणि माझ्या शिलाया वाकड्या पडल्या त्या इस्त्रीखाली झाकल्या.

दर सोमवारी बाई ह्यांना समोर बसवून प्रश्न विचारायच्या. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामात मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का. शेवटचा प्रश्न आला की मी खिडकीबाहेर बघायची.

त्यातल्याच एका सोमवारी ह्यांनी मान जराशी कलती केली, हसले, आणि म्हणाले, "बरंच बरं आहे. झाल्यातच जमा. थोडंसंच राहिलंय." बोलताना त्यांचा हात खुर्चीच्या हातावरून फिरत होता. झोप? चांगली. भूक? लागते. तो विचार? छे, तो कधीच गेला.

माझा जीव भांड्यात पडला. बाईंनाही आनंद झाला, त्यांचा चेहरा सांगत होता. म्हणाल्या, मग ठरल्याप्रमाणे ह्या आठवड्यात रोजचे ठोके संपवू, पुढे दिवसाआड करू आणि मग बंद. मशीनवाली मुलगी तर इतकी खूश झाली की तिने ह्यांना दारापर्यंत सोडलं. ह्या वेळी मी वन्संना फोन केला. माझं तोंड गप्प राहत नाही, काय करणार?

दुसऱ्याच दिवशी दुपारी कोटवाले मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, सरळ ताठ मनुष्य, लेकीच्या सत्काराला घालायला म्हणून त्यांनी कोट टाकला होता आणि तेव्हापासून ते येतच होते. कोट स्टँडवर होता, कच्च्या टाक्यांवर उभा, अस्तर लोंबतंय, बाह्या वेगळ्या टेबलावर. मी त्यांच्या आणि कोटाच्या मध्ये उभी राहिले आणि म्हणाले, "झालाच आहे मास्तर. फक्त काजं-बटणं राहिलीत. शुक्रवारी या."

हे बोलताना माझी मान कलली होती. मी हसत होते. आणि माझा तळवा टेबलावरच्या बाहीवरून फिरत होता.

मास्तर काहीतरी बोलून गेले, मला ऐकू आलं नाही. मी माझ्या हाताकडे बघत होते. तोच कल, तेच हसू, तोच फिरणारा हात. मला हे सगळं ज्याने शिकवलं तो माणूस काल दवाखान्यात बसून तेच करत होता, आणि मी, रोज पन्नास लोकांना तेच ऐकवणारी बाई, त्याच्यावर विश्वास ठेवून घरी आले होते. शुक्रवारी रोजचे ठोके संपणार होते, आणि मग लवकरच उपचारही. त्यानंतर हा माणूस सगळ्यांच्या लेखी बरा असणार होता, मग तो काय विचार करतोय हे कुणीच विचारणार नव्हतं.

मी शटर अर्धं खाली ओढलं. हे कोपऱ्यात स्टुलावर बसले होते.

"खरं सांगा," मी म्हटलं, "किती झालंय?"

"कशाचं?"

"तुमचं."

मी पुढे काही विचारलं नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की ते किती अवघड होतं. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग ते स्टँडवरच्या कोटाकडे बघत म्हणाले, "कापलंय नुसतं. जोडलेलं काही नाही."

"मग बाईंना तसं का सांगितलंत?"

"ती पोरगी रोज किती निगुतीने खुणा जुळवते. एवढंसं इकडेतिकडे होऊ देत नाही. तिला काय सांगायचं, काही होत नाही म्हणून? बाई आशेने बघतात. तू बाहेर बाकावर बसतेस. मी दार उघडून आलो की आधी माझ्या तोंडाकडे बघतेस." त्यांचा आवाज बारीक झाला. "तुला रोज रिकाम्या हाताने परत पाठवायचं माझ्या जिवावर येतं."

मला राग आला. कीव यायला हवी होती, पण राग आला, आणि तो मी गिळला नाही. "मी तुमचं गिऱ्हाईक आहे का?" मी विचारलं. "मी काय पायरी उतरून दुसऱ्या दुकानात जाणार आहे? इतकी वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आपण, आणि तुम्ही मला शुक्रवारी या म्हणून सांगताय?"

त्यावर ते पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून रडले. आजारात ते कधी रडले नव्हते. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि जे विचारायची मला इतके महिने भीती वाटत होती ते विचारलं. नसलो तर बरं, हा विचार अजून येतो का?

"येतो," ते म्हणाले. "पूर्वी उठल्यापासून असायचा. आता मधूनमधून येतो. पण येतो."

मला काय वाटलं ते सांगते. भीती वाटली, आणि त्या भीतीच्या शेजारीच, अगदी चिकटून, बरंही वाटलं. पूर्वी उठल्यापासून, आता मधूनमधून. म्हणजे काहीतरी खरंच हललं होतं. त्यांच्या खोट्या 'झाल्यातच जमा'पेक्षा हे कितीतरी कमी होतं, पण ह्यावर पाय ठेवता येत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सोमवार नसताना बाईंसमोर जाऊन बसलो. मी ठरवलं होतं की आपण बोलायचं नाही, त्यांचं त्यांनी सांगायचं. बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. ह्यांची मान कलायला लागली, हसू ओठांवर यायला लागलं, हात खुर्चीच्या हाताकडे निघाला. मी जीभ दातांखाली धरली. इतकी घट्ट की नंतर दिवसभर ती हुळहुळत होती. त्यांनी तो हात अर्ध्यावर थांबवला, दुसऱ्या हातात धरला, आणि म्हणाले, "मी खोटं सांगितलं. बरं झालेलं नाही. थोडा फरक आहे. पण थोडाच."

मग झोपेचं, भुकेचं, त्या विचाराचं, सगळं एकेक करून सांगितलं. सांगताना ते घामाघूम झाले.

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, मीही तुमच्या हसण्यावर गेले, मला जास्त विचारायला हवं होतं. त्यांनी थांबवायचा बेत रद्द केला. काही जणांना उशिरा गुण येतो, म्हणाल्या, आणि थोडा फरक पडलाय ही चांगली खूण आहे. त्याच दिवशी अंगठ्याचं माप नव्याने घेतलं. तेवढ्या आठवड्यांत ते बदललं होतं, ठोक्यांचा जोर वाढवावा लागला. उपकरणाची जागाही जराशी सरकवली. उपचार आणखी काही आठवडे वाढवले आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा एका समुपदेशकाशी बोलणं लावून दिलं. तो विचार आला तर लगेच कुणाला सांगायचं, मी जवळ नसले तर कुणाला फोन करायचा, हेही ह्यांच्याकडून वदवून घेतलं. सगळ्यात पहिलं नाव माझं आणि दुसरं वन्संचं निघालं. वन्संना मी त्याच दिवशी सगळं खरं सांगितलं, अंगठ्यासकट.

ती मशीनवाली मुलगी मात्र हिरमुसली. टोपी चढवताना ह्यांना म्हणाली, काका, माझ्यासाठी बरं व्हायचं नाही हं, मला त्याचं बक्षीस मिळत नाही. हे तिला सॉरी म्हणाले.

राहता राहिले मास्तर. त्यांना मी फोन करून सांगितलं की कोट शुक्रवारी होणार नाही, बाह्या जोडलेल्या नाहीत, आमच्या घरी आजारपण आहे आणि कधी होईल ते सांगता येत नाही. कापड परत हवं असेल तर न्या. मग मास्तर म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा एका शिंप्याने मला खरं सांगितलंय, आता मी तो कोट कुठेही नेणार नाही. लेकीच्या सत्काराला मी सदऱ्यात जाईन.

पुढचं सगळं हळूहळू झालं. एके दिवशी सकाळी जाग आली तर हे झोपलेले होते, आणि मी श्वास चालू आहे ना ते बघून घेतलं, इतकी मला त्यांच्या झोपण्याची सवय राहिली नव्हती. मग चहात साखर कमी आहे म्हणाले. मग दवाखान्याच्या वाटेवर एका दुकानाच्या पुतळ्याला घातलेलं जाकीट बघून थांबले आणि कुणी शिवलंय हे असं पुटपुटले. मध्येच एक आठवडा वाईट गेला, पुन्हा छताकडे बघत पडणं, पुन्हा तो विचार. पण ह्या वेळी त्यांनी तो मला येऊन सांगितला, मी भाजी चिरत असताना. मी सुरी खाली ठेवली आणि आम्ही दोघं नुसते बसून राहिलो. मग तो आठवडाही गेला. दवाखान्यात आता विचारलं की ते आधी विचार करायचे आणि मग उत्तर द्यायचे. निम्मं, म्हणायचे. किंवा, निम्म्याहून थोडं जास्त. बाई आणि मशीनवाली मुलगी त्यावर मान डोलवायच्या, आणि मला त्या निम्म्याचा जेवढा आनंद व्हायचा तेवढा पूर्वी कुणाच्या पुऱ्याचा झाला नव्हता.

दुकानात ते बसायचे, अस्तराला टाके घालायचे, जमेल तेवढं करायचे. मोठं काम अजून माझ्याकडेच होतं.

त्या सकाळी मी टेबलाशी उभी राहून कापत होते. जाड कापड होतं, कैची रेटावी लागत होती. हे समोर बसून एका पँटीची शिलाई उसवत होते. माझीच, वाकडी पडलेली. उसवता उसवता त्यांचा हात थांबला असावा, कारण दोरा तुटल्याचा बारीक आवाज यायचा बंद झाला. मी वर बघितलं तर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. तसं बघणं मला चांगलं ठाऊक होतं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते असंच बघायचे आणि फीत हातात घ्यायच्या आधीच त्यांना कळायचं, कुणाचा कुठला खांदा खाली आहे, कोण पाठीत वाकलंय, कुणाचं पोट चोरून धरलेलं आहे. एवढ्या महिन्यांत त्यांनी असं कुणाकडे बघितलं नव्हतं.

"तुझा उजवा खांदा उतरलाय," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"तुझा. बोटभर तरी. आधी नव्हता असा." ते उठून टेबलाला वळसा घालून माझ्या मागे आले. त्यांनी दोन्ही तळवे माझ्या खांद्यांवर ठेवले आणि दोन्ही बाजू ताडून बघितल्या. उजव्यावर त्यांचा अंगठा दाबला गेला आणि मी कळवळले. "दुखतोय?"

काही नाही, असं मी म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं.

"दुखतोय," मी म्हटलं. "फार दुखतोय. रात्री कूस बदलता येत नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही कापायचं सोडलंत तेव्हापासून."

मग मला रडू फुटलं, दुकान उघडं असताना, रस्त्यावरची माणसं बघत असताना. इतक्या महिन्यांत मी ह्या माणसाचा चेहरा रोज वाचला होता. माझ्या चेहऱ्याकडे मात्र कुणी बघितलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. आणि आता तो मला बघत होता. आमच्यात अहो-जाहोची रीत आहे, पण त्या क्षणी माझ्या मनात तो तोच होता, मी दुकानात नवी आले तेव्हाचा.

होईल सगळं ठीक, असलं काही ते म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्या मुठीतून कैची सोडवून घेतली, बोटं आखडली होती ती एकेक करून उघडली, आणि मला स्वतःच्या स्टुलावर बसवलं. मग ते टेबलाशी उभे राहिले, मी खडूने मारलेली रेघ वाकून पाहिली, आणि ती तळव्याने पुसून टाकली.

"हे कुणी आखलंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी. त्यांनी खडू उचलला आणि नवी रेघ ओढली. ती सरळ आली.